दवाखान्याची वही बंद हवी

रजेच्या दाखल्यासाठी आपला कामगार गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात जातो. तिथे रुग्णांची वही टेबलावर उघडी, संगणकाचा पासवर्ड सर्वांना ठाऊक, अहवाल कंपाउंडरच्या व्हॉट्सॲपवर! क्षयाची, मनोविकाराची बातमी अशीच खात्यात पोहोचते आणि माणूस एकटा पडतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. कामगार कामास तंदुरुस्त आहे का, हे प्रशासनाने जरूर विचारावे. आजाराचा बोभाटा नको. डॉक्टरांनी वही कुलपात ठेवावी, प्रत्येकास वेगळा पासवर्ड द्यावा, अशी आमची मागणी आहे. बंधूंनो, दुसऱ्याचे पाकीट आपण फोडत नाही. सहकाऱ्याचा दाखलाही तसाच जपू या.