कोडची भाषा बदलली की गणिताचं उत्तर का बदलतं?

एक्सेलमध्ये 2.5 हा आकडा राउंड करायला सांगा. उत्तर येईल 3. आता तेच पायथनला सांगा. उत्तर येईल 2.

यात कुणीच चुकलेलं नाही. एक्सेल शाळेतला नियम पाळतं, अर्धा आला की वर जायचं. पायथन मात्र बरोबर अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं. म्हणून 2.5 चे होतात 2 आणि 3.5 चे होतात 4. दर वेळी वरच गेलं तर लाखो आकड्यांची बेरीज हळूहळू फुगत जाते, ते टाळण्यासाठी ही सोय आहे.

एका आकड्यापुरती ही गंमत वाटते. पण हजारो ओळींचा गणिती कोड एका प्रोग्रॅमिंग भाषेतून दुसरीत न्यायचा असेल, तर अशी प्रत्येक गंमत शोधून काढावी लागते. या कामाला पोर्टिंग म्हणतात, आणि सध्या ते जोरात सुरू आहे.

नेमकं काय सुरू आहे?

पायथनमध्ये डेटा सायन्स किंवा इंजिनिअरिंगचं काम करणाऱ्यांना 'सायपाय' ही लायब्ररी माहीत असते. वापरणारा पायथन लिहितो, पण आतली बरीचशी आकडेमोड वर्षानुवर्षं फोर्ट्रान करत आली आहे. फोर्ट्रान म्हणजे आयबीएमने 1957 मध्ये आणलेली भाषा. सायपायमध्ये तिचा फोर्ट्रान 77 हा जुना अवतार होता. त्यातलं 'मिनपॅक' हे पॅकेज तर अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेत 1980 मध्ये तयार झालेलं.

तो कोड आजही बरोबर चालतो. मग बदलायचा कशाला? कारण तो वाचून दुरुस्त करू शकणारे लोक कमी होत चालले आहेत. शिवाय प्रत्येक नव्या चिपसाठी, ब्राउझरसाठी फोर्ट्रानचा कंपायलर जुळवत बसणं ही डोकेदुखी आहे. म्हणून सायपायची टीम गेल्या काही वर्षांपासून हा कोड टप्प्याटप्प्याने सी आणि पायथनमध्ये नेते आहे.

गोची कुठे होते?

सगळ्यात साधी गोष्ट मोजणीची. फोर्ट्रानमध्ये यादीतली पहिली वस्तू सहसा 1 क्रमांकाची, सी आणि पायथनमध्ये 0 क्रमांकाची. ही चूक निदान लवकर सापडते.

न सापडणारी चूक वेगळीच असते. समजा एखादं कॅलेंडर ॲप तारखेवरून वार काढतं. एका ठरावीक रविवारपासून किती दिवस झाले ते मोजायचं, 7 ने भागायचं आणि बाकी उरेल तो वार. त्या रविवारच्या आदल्या दिवसासाठी आकडा येतो उणे 1. पायथन म्हणतं बाकी 6, म्हणजे शनिवार. बरोबर. सी म्हणतं बाकी उणे 1. त्या क्रमांकाचा वारच नाही, त्यामुळे प्रोग्रॅम यादीच्या बाहेरची मेमरी वाचायला जातो. गणिताची ओळ दोन्हीकडे तीच, आणि पुढच्या सगळ्या तारखांना उत्तरही तेच. चूक फक्त मागच्या तारखांना दिसणार, तीही कुणी तपासल्या तर.

दशांशाच्या शेपटीला कमी लेखू नये. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी 1982 मध्ये 1000 पासून सुरू झाला. दर व्यवहारानंतर तो नव्याने मोजला जायचा आणि तिसऱ्या दशांशानंतरचे आकडे राउंड न करता सरळ छाटले जायचे. नोव्हेंबर 1983 पर्यंत निर्देशांक 524 च्या आसपास घसरलेला दिसत होता. हिशोब नीट केल्यावर तो निघाला जवळपास 1099. तिथे कोडची भाषा बदलली नव्हती. पण पोर्टिंग करताना 'राउंड करा'च्या जागी 'छाटा' होणं फार सोपं आहे.

जुना कोडच चुकीचा असेल तर?

केंब्रिजचे गणितज्ञ एम. जे. डी. पॉवेल यांनी 'सर्वांत चांगला पर्याय शोधा' या प्रकारच्या गणितांसाठी पाच प्रसिद्ध प्रोग्रॅम लिहिले. कमीत कमी वजनाचं पंख्याचं पातं कसं असावं, अशा धाटणीचे प्रश्न ते सोडवतात. हे पाचही फोर्ट्रान 77 मध्ये होते. पॉवेल 2015 मध्ये गेले. मागे राहिल्या सुमारे 8 हजार ओळी आणि त्यात 244 वेळा 'गो टू', म्हणजे 'इथून उडी मारून तिकडे जा'. असा कोड वाचणं म्हणजे जुन्या वाड्यात दिवे नसताना जिना शोधणं.

झायकुन झांग या गणितज्ञाने 'प्रिमा' प्रकल्पात हे पाचही प्रोग्रॅम नव्याने लिहायला घेतले. पण त्यांनी थेट नव्या भाषेत उडी मारली नाही. आधी जुन्या फोर्ट्रानचं आधुनिक फोर्ट्रान केलं, इतर भाषांचं नंतर बघितलं. या खटाटोपात मूळ कोडमधले दोष समोर आले. क्वचित प्रसंगी तो अनंत फेऱ्यांत अडकायचा. काही ठिकाणी किंमतच न दिलेला आकडा यादीतला क्रमांक म्हणून वापरला जायचा आणि प्रोग्रॅम कोसळायचा.

खरा पेच इथे आहे. नवा कोड जुन्यापेक्षा वेगळं उत्तर देतो, तेव्हा नव्यात चूक झाली की जुनी चूक सुटली? ज्यांना विचारायचं, तेच आता नाहीत. प्रत्येक फरक हाताने सोडवावा लागतो. यातल्या 'कोबायला' या प्रोग्रॅमचं प्रिमावर आधारित पायथन रूप 2025 मध्ये सायपायच्या 1.16 आवृत्तीत आलं.

हवामानाचं काय?

पुण्याच्या आयआयटीएमने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे 2025 मध्ये सुरू झाली. आधी 12 किलोमीटरच्या चौकोनांत मिळणारा अंदाज आता 6 किलोमीटरच्या चौकोनांत मिळतो. जगभरातल्या अशा हवामान मॉडेल्सचा बराचसा कोड आजही फोर्ट्रानमध्ये आहे.

तिथे तर उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळण्याची अपेक्षाच ठेवता येत नाही. एडवर्ड लोरेन्झ यांनी 1961 मध्ये 0.506127 ऐवजी 0.506 टाकलं आणि त्यांच्या मॉडेलमधलं हवामान काही काळाने पूर्ण वेगळं झालं. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने मॉडेलचा गाभा फोर्ट्रानमधून सी प्लस प्लसमध्ये नेला आणि 2016 मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरवर रोजचे अंदाज सुरू केले. असं काही करायचं तर अनेक दिवसांचे अंदाज शेजारी ठेवून फरक कितपत चालेल, हे आधी ठरवावं लागतं.

एआय हे काम करेल का?

भाषांतर करेल, आणि काही सेकंदांत करेल. अमेरिकेच्या 'डार्पा'ने 2024 मध्ये सी कोड आपोआप रस्टमध्ये नेण्याचा प्रकल्प जाहीर केला. नाव काय, तर 'ट्रॅक्टर'. त्याचा रोख सुरक्षिततेवर आहे.

गणिती कोडमध्ये अडचण तपासणीची आहे. एआयने नवा कोड लिहिला, त्याच कोडवरून चाचण्या तयार केल्या आणि सगळ्या पास झाल्या, तर कळतं एवढंच की नवा कोड स्वतःशी सहमत आहे. अपेक्षित उत्तरं जुना कोड चालवून किंवा हाताने हिशोब करूनच घ्यावी लागतात, आणि उणे संख्या, शून्य, बरोबर अर्ध्यावरचे आकडे असे कोपरे मुद्दाम तपासावे लागतात.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये सायपाय वापरलं असेल, तर रिपोर्टमध्ये आवृत्तीचा क्रमांक लिहून ठेवा. गेल्या वर्षीचा निकाल यंदा चौथ्या दशांशावर वेगळा आला, तर पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.