पत्री सरकार पुन्हा आणावयाचें, पण कोणतें?

सातारा व सांगली जिल्ह्यांत एक बोलणें वरचेवर कानीं पडतें. कारखान्यानें उसाचे पैसे थकविले, सावकारानें रान घशांत घातलें, कचेरींत कागद हलेनासा झाला, कीं पारावर बसलेला कोणीतरी उसळून म्हणतो, ‘आतां पुन्हा पत्री सरकारच आलें पाहिजे!’ बाकीचे माना डोलावतात. या बोलण्यामागची चीड खरी आहे. ज्याचा वर्षाचा घाम दुसऱ्याच्या तिजोरींत अडकला त्यानें चिडूं नये, असें आम्ही कोणत्या तोंडानें सांगावें? परंतु शेतकरी व बलुतेदार बंधूंनो, जें पुन्हा आणावयाचें तें काय होतें, हें आधीं नीट पाहूं या.

सप्टेंबर 1942 मध्यें तासगांव, वडूज, इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे गेले. वडूज व इस्लामपूर येथें गोळ्या चालल्या, माणसें पडलीं. उघड्या छातीनें कचेरी हातीं येत नाहीं हें पाहून कार्यकर्ते भूमिगत झाले आणि 1943 सालीं प्रतिसरकार उभें राहिलें. त्याचे म्होरके नाना पाटील हे येडे मच्छिंद्र गांवचे. तलाठ्याची नोकरी सोडून 1930 च्या कायदेभंगांत उतरलेले. सत्यशोधकांच्या जलशांनीं व सभांनीं जी जमीन नांगरून ठेविली होती, तिच्यांतच हें पीक आलें. कुंडल गांव तेव्हां औंध संस्थानांत होतें; तेथें तुफान सेना तयार झाली. 7 जून 1943 रोजीं शेणोलीजवळ जी. डी. बापू लाड व त्यांच्या साथीदारांनीं रेल्वे अडवून सरकारी पैसा घेतला. एप्रिल 1944 मध्यें धुळें जिल्ह्यांत चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला.

शाळेंतल्या पोरांना विचारा, गाडी कशी लुटली तें तीं धडाधड सांगतील. पायाच्या तळव्यांवर मार देत, म्हणून ‘प्रति’चें ‘पत्री’ झालें, हेंही सांगतील. पण न्यायदान मंडळ म्हणजे काय असें विचारलें, तर वर्ग गप्प बसतो. पोरांचा दोष नाहीं. आपण थोरांनींच त्यांना लुटीची गोष्ट सांगितली व न्यायाची सांगितली नाहीं.

त्या सरकारचें खरें काम न्यायदान मंडळांत चाले. वादी, प्रतिवादी व साक्षीदार गांवासमोर बसत. वकील नाहीं, स्टँप नाहीं, तारखांवर तारखा नाहींत. सावकाराकडे अडकलेलीं रानें सोडविलीं गेलीं. दारूच्या गुत्त्यांना पायबंद बसला. कर्ज काढून लग्न करण्याची चाल मोडावी म्हणून थोडक्या खर्चाचीं ‘गांधी लग्नें’ लागलीं, जी. डी. बापूंचें स्वतःचें लग्न 1945 सालीं कुंडलला असेंच झालें. वाचनालयें निघालीं. मार हा त्या सगळ्यांतला एक तुकडा होता, आणि तोही सर्वांत चांगला तुकडा नव्हता. ज्याला मार बसे त्याला वर दाद मागण्याची जागा नव्हती. त्या सरकारचें नांव सांगून दरोडे घालणारेही निघाले, आणि त्यांचा बंदोबस्त करण्यांत कार्यकर्त्यांची पुष्कळ शक्ति गेली. हातीं काठी आली कीं ती कोणाच्या हातीं राहील याचा भरंवसा नसतो, हें त्यांनीं तेव्हांच अनुभविलें.

मग हें सरकार टिकलें कशावर? बंदुका थोड्या होत्या. इंग्रजांकडे फौज होती, रेल्वे होती, तुरुंग होते. नानांना धरून देणारास इनाम लाविलें होतें. तरी 1942 पासून 1946 पर्यंत ते सरकारच्या हातीं लागले नाहींत. शेंकडों गांवांत हजारों माणसांना त्यांचा पत्ता ठाऊक असे. भाकरी नेणारी बाई, निरोप पोंचविणारी पोर, गुराखी, न्हावी, लोहार, कोणीही तोंड उघडलें असतें तर खेळ आटोपला असता. नानांची लेक हौसाताई हिनें निरोप व हत्यारें पोंचविलीं. फौजदारापुढें गांव मुकें होई आणि न्यायदान मंडळापुढें तेंच गांव खरें बोले. ही त्या सरकारची ताकद होती.

आज नेमकें उलटें झालें आहे. पारावर आपण गरजतों आणि जेथें बोलावयाचें तेथें मुके होतों. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे असा 1966 सालचा सरकारी हुकूम आहे. पण पैसे थकल्याचा अर्ज लिहिला, तर त्यावर किती शेजारी सही करतात? बेकायदा सावकारींत लिहून गेलेली जमीन परत मिळविण्याची वाट 2014 च्या कायद्यानें ठेविली आहे. पण ‘हा व्यवहार व्याजाचा होता’ अशी साक्ष द्यावयास कोण उभा राहतो? वर्षांतून चार ग्रामसभा व्हाव्या असा नियम आहे. पुष्कळ ठिकाणीं सह्यांची वही घरोघर फिरते व सभा कागदावरच उरकते. सावकार त्याच्या पैशावर जितका माजत नाहीं, तितका आपल्या मुकेपणावर माजतो.

‘हें कायद्याचें सांगणें मवाळ झालें,’ असें कोणी म्हणेल. त्यानें नानांकडेच पाहावें. इंग्रजी राज्य परक्याचें होतें. तेथें कुणब्याच्या शब्दाला किंमत नव्हती, म्हणून दुसरें सरकार मांडणें भाग पडलें. इंग्रज गेल्यावर नानांनीं तिसरें सरकार मांडलें नाहीं. ते निवडणुकीस उभे राहिले. 1957 सालीं साताऱ्यांतून व 1967 सालीं बीडमधून लोकसभेंत गेले आणि सत्ताधाऱ्यांशीं भांडत राहिले. 1950 पासून आपल्या हातीं घटना आहे व मत आहे. आतां जो काठीचें सरकार आणतों म्हणेल, तो आज सावकाराला मारील आणि उद्यां तुमच्याकडून हप्ता घेईल.

तें सरकार पुन्हा जिवंत करण्याचे खरे यत्न याच मातींत झाले आहेत. त्याच चळवळीचे नागनाथअण्णा नायकवडी यांनीं वाळव्याला काढलेल्या सहकारी साखर कारखान्यास 1945 सालीं पोलिसांशीं लढतांना पडलेल्या किसन अहिरांचें नांव दिलें. भूमिगत कार्यकर्ते बाबूजी व इंदुताई पाटणकर यांचे चिरंजीव डॉ. भारत पाटणकर यांनीं 1980 नंतर खानापूर तालुक्यांत मुक्ति संघर्ष चळवळ बांधली. येरळा नदीवर लोकांनीं बळीराजा धरण उभें केलें आणि पाण्यांत भूमिहीनाच्या घरालाही वांटा धरला. 1993 पासून आटपाडी व आसपासच्या दुष्काळी तालुक्यांत समन्यायी पाण्याची चळवळ उभी राहिली. या कामांना कोणी पत्री म्हटलें नाहीं. पण प्रतिसरकारचें रक्त त्यांत वाहतें.

तेव्हां ज्यांस तें सरकार हवें आहे त्यांनीं पुढच्या ग्रामसभेला जावें, आणि बायकांनाही बरोबर न्यावें. पाणीपाळीची वही मागून मोठ्यानें वाचावी. ज्याचें रान व्याजापायीं गेलें त्याच्या बाजूनें पांच माणसांनीं साक्ष द्यावी. पोरीच्या लग्नांत कर्ज काढणार नाहीं असें पांच घरांनीं एकमेकांस वचन द्यावें. एवढ्यासाठीं घोडा लागत नाहीं कीं बंदूक लागत नाहीं. आपल्या आज्यांनीं फांसाची भीति असतां गांवाशीं इमान राखलें. आपल्याला फार तर सावकाराची वांकडी नजर सोसावी लागेल. तेवढी सोसण्याची तयारी नसेल, तर पत्री सरकारचें नांव पारावर घेऊं नये.