'वॉल्व्ह घासून बसवतो' म्हणणाऱ्यांसाठी

"वॉल्व्ह चांगले आहेत, घासून बसवतो."

जुनं डिझेल इंजिन उघडलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. आमच्या वैजापुरात पंपाच्या इंजिनाबद्दल येतं, आणि तिकडे कोकणात बोटीच्या इंजिनाबद्दलही तेच, फक्त हेल वेगळा. मला या वाक्याचा मनापासून राग आहे आणि आजची पोस्ट त्या रागाचीच आहे. ज्यांना इंजिनाचं वावडं आहे त्यांनी (आत्या, हे तुला) खुशाल पुढच्या पोस्टची वाट पाहावी :-)

निमित्त घरचंच. मावसभावाची मच्छीमारीची बोट आहे रत्नागिरीकडे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे इंजिनाची कामं काढायचे हेच दिवस. इंजिन बरंच जुनं, यंदा पूर्ण बांधायला घेतलंय. मिस्त्रीने यादी दिली: लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकेट सेट. वॉल्व्हच्या बाजूचं यादीत एकही नाव नाही. मी फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "दादा, तुझ्या वैजापुरात गोदावरी सोडली तर पाणी नाही, तुला बोटीचं काय कळणार?"

आता यावर उत्तर द्यायलाच हवं.

ट्रकच्या इंजिनाला उतारावर विसावा मिळतो, सिग्नलला मिळतो. बोटीच्या पंख्याला पाण्यात उतार नसतो. एकदा रेस लावली की तासन् तास तोच भार, तोच वेग. विहिरीवरच्या किंवा नदीकाठच्या पंपाचंही अगदी तसंच. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. त्यांचं ५ हॉर्सपॉवरचं, १५०० आरपीएमचं एका सिलिंडरचं इंजिन आमच्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी घरच्या बैलासारखं असायचं. किंवा राजकोटची ती ६५० आरपीएमवर धपधपणारी लिस्टरची नक्कल. अशा इंजिनांवर हात काळे केलेल्या माणसाला सतत भाराखाली वॉल्व्हचं काय होतं हे कुठल्याही ट्रक मेकॅनिकपेक्षा जास्त कळतं. कोरड्या गावचा असला तरी.

जरा हिशोब करू. १५०० आरपीएमला फोर-स्ट्रोक इंजिनाचा प्रत्येक वॉल्व्ह मिनिटाला ७५० वेळा उघडतो, तासाला ४५,०००. रोज १० तास आणि हंगामात २०० दिवस धरले तर झाले ९ कोटी. तेवढ्या वेळा ती स्प्रिंग दबली आणि सुटली, तेवढ्या वेळा वॉल्व्ह सीटवर आपटला. आणि हा एकाच हंगामाचा हिशोब. मिस्त्री त्या स्प्रिंगकडे बघून, बोटाने दाबून म्हणतो, "कडक आहे." अरे, बोटाने काय कळणार? स्प्रिंग थकते ती आतून. आणि समुद्रावर तर तिला गंजाचा बारीक ठिपका पडला तरी पुरे, चीर तिथूनच सुरू होते. नव्या स्प्रिंगशेजारी जुनी उभी केली तर उंचीतला फरक दिसेल, गुण्या लावला तर वाकडेपणा दिसेल. चीर मात्र दिसणार नाही, ती तुटल्यावरच दिसते.

आणखी एक गोष्ट, जी पंपाला कमी आणि बोटीला जास्त लागू. इंजिन बंद पडून असतं तेव्हा सहसा कुठला ना कुठला वॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो. बोट किनाऱ्याला लागलेली, पावसाळ्याची खारट ओल एक्झॉस्टच्या नळीतून सरळ आत. स्टेमवर गंज, सीटवर गंज. म्हणजे झीज फक्त चालण्याने होते असं नाही, सुट्टीतही होते. दर वर्षी दोन महिने.

आता 'घासून बसवतो' म्हणजे नेमकं काय ते पाहू. पेस्ट लावून वॉल्व्ह सीटवर फिरवायचा, करडा गोल पट्टा आला की झालं. त्याने वॉल्व्ह आणि सीट यांची तोंडं जुळतात, बास. गाईड ढिली असेल तर ती ढिलीच राहते. वॉल्व्ह त्यात डुलतो, दर वेळी थोडा वेगळ्या जागी बसतो आणि ते सुंदर जुळलेलं तोंड थोड्याच दिवसांत बिघडतं. बरं, ग्राइंडरवर वॉल्व्ह पुन्हा पुन्हा घासला की डोक्याची कड पातळ होत जाते. सुरीसारखी कड झालेला एक्झॉस्ट वॉल्व्ह जळतो, त्याला इलाज नाही. सीट पुन्हा पुन्हा कापली की वॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो, कॉम्प्रेशन पडतं, सकाळी इंजिन सुरू करताना खलाशी घामाघूम. टॅपेटची गॅप दर काही दिवसांनी आपोआप कमी होत असेल तर वॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय हे त्याचं सरळ लक्षण आहे. पण आपल्याकडे गॅप पुन्हा लावतात आणि विसरतात.

आणि ते लॉक! वॉल्व्हच्या टोकाशी स्प्रिंगची टोपी धरून ठेवणारे ते दोन अर्धगोल तुकडे. अख्ख्या इंजिनातली सगळ्यात स्वस्त वस्तू असेल. ती निसटली किंवा स्प्रिंग तुटली तर वॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्यात आणि वॉल्व्हच्या डोक्यात अंतर असतं एखाद्या मिलिमीटरचं. पुढचं सांगायला नको: नवा पिस्टन, नवा लायनर, हेड, सगळं एका क्षणात भंगारात. म्हणजे ज्या महागड्या सामानासाठी वॉल्व्हचे पैसे वाचवले, तेच सामान गेलं.

आमच्याकडे हे झालं तर शेतकरी शिव्या देत घरी चालत येतो, कांद्याला एक पाणी कमी बसतं. तिकडे हे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात झालं तर? हंगाम नुकताच उघडलेला, समुद्र अजून खवळलेला, वारा किनाऱ्याकडे, तांडेल आणि खलाशी बोटीवर, आणि इंजिन मेलेलं. माझा भाऊ स्वतः जातो समुद्रात. म्हणून हा मुद्दा मला पैशाचा वाटतच नाही.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, त्यांनाही सोडत नाही. 'सगळं नवीन टाका' पंथ. नवीन म्हणजे कुठलं? चकचकीत डबीतला डुप्लिकेट वॉल्व्ह टाकण्यापेक्षा मोजून पास झालेला जुना ओरिजिनल कधीही बरा. घेताना खिशात चुंबक ठेवा. बऱ्याच चांगल्या एक्झॉस्ट वॉल्व्हचं डोकं वेगळ्या, उष्णता सोसणाऱ्या पोलादाचं असतं, त्याला चुंबक चिकटत नाही, दांड्याला चिकटतो. सगळ्याच बनावटी तशा नसतात, पण तुमचा मूळ वॉल्व्ह तसा असेल आणि नवा डोक्यापासून टोकापर्यंत चिकटत असेल, तर दुकानदाराला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही. शिवाय नवी गाईड ठोकली की काम संपत नाही, सुरू होतं. तिला रीमर मारायचा, मग तिच्याच मध्याला धरून सीट कापायची. नवी गाईड आणि जुनी सीट म्हणजे नवरा एका मांडवात, नवरी दुसऱ्या.

सामान मिळत नाही म्हणून लेथवाल्याकडून दुसऱ्या इंजिनाचा वॉल्व्ह कापून घेणारे महाभागही पाहिलेत. लांबी जुळते हो, पण टोकाचा कडक केलेला भाग कापण्यात गेला, आणि लॉकसाठी पाडलेल्या नव्या खाचेचा कोपरा धारदार राहिला. तुटणार तो तिथेच. आमच्याकडच्या एका पंपाचं हेड असंच गेलं. कारागिराचं नाव लिहीत नाही, माणूस भला आहे, चहा पाजतो.

तर भावाला मी कळवलं ते असं. स्प्रिंगा आणि लॉक न बघता, न मोजता नवीन. एक्झॉस्ट वॉल्व्ह आणि गाईड नवीन, कारण त्याच्या इंजिनावर त्यांचे तास भरून उरलेत. इनटेक वॉल्व्हचा दांडा वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मायक्रोमीटरने मोज, कडेची जाडी बघ, पास झाला तर ठेव. पुश रॉड काचेवर लोळवून बघ, सरळ असतील तर तेच घाल. रॉकरची बुश हलत असेल तर बदल. टॅपेट काढताना खुणा करून ठेव, जो ज्या कॅमवर घासला तो त्याच कॅमवर परत जायला हवा. आणि कॅमशाफ्ट नवा घेणार असशील तर टॅपेटही नवे, जुना टॅपेट नवा कॅम खातो. यातलं काहीही 'जुनं ते सोनं' किंवा 'नवं ते सोनं' म्हणून नाही. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली आला, त्याच्यामागे शेकडो वर्कशॉप आली. आमच्या जिल्ह्यात मायक्रोमीटर काही नवलाची वस्तू उरलेली नाही. कोकणातल्या मिस्त्रीच्या पेटीतही तो असतो, पिस्टनसाठी बाहेर येतो. वॉल्व्हची वेळ आली की बोटं आणि नजर. का, ते मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

मिस्त्रीचं म्हणणं असं की तीस वर्षं तो असंच करतोय आणि काही झालं नाही. तीस वर्षांत जी इंजिनं समुद्रात बंद पडली, दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढून आणली, ती कुणी बांधली होती याची वही त्याच्याकडे आहे का, एवढंच विचार असं भावाला सांगितलंय. अजून फोन आलेला नाही. हेड मशीनशॉपला पाठवलंय एवढा निरोप मावशीकडून कळला.

मालवण, सातपाटी, वर्सोव्याकडचं कुणी वाचत असेल तर तुमच्याकडे पावसाळी कामात वॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलतात की नाही, ते खाली जरूर लिहा.