वेशीबाहेरचं स्मारक

हिरोशिमाचं शांती स्मारक उद्यान दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. अणुबॉम्बने मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक १० एप्रिल १९७० रोजी उभं राहिलं, ते मात्र नदीपलीकडे, होनकावा पुलाच्या पश्चिम टोकाला. ते उद्यानात यायला १९९९ साल उजाडलं. मधली २९ वर्षं वेशीबाहेर.

जागेचं कारण सांगितलं जातं ते खोटं नाही. कोरियन राजघराण्यातला यी ऊ जपानी सैन्यात अधिकारी होता. स्फोटानंतर तो त्या परिसरात सापडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. दगडी कासवाच्या पाठीवर उभी शिळा, माथ्यावर ड्रॅगन कोरलेले आणि मजकुरात आधी राजपुत्राचं नाव, मग ‘इतर वीस हजारांहून अधिक’ आत्मे. मरणानंतरही मानाची पंगत सुटत नाही!

पण जागा कोरियन लोकांनीच निवडली, एवढ्यावर हात झटकता येत नाहीत. १९१० पासून कोरिया जपानची वसाहत. कुणी पोटासाठी हिरोशिमात आले, कुणाला युद्धात सक्तीच्या मजुरीला आणलं. स्मारक आत घ्या म्हटलं, तर उद्यानात नवी स्मारकं नकोत, उत्तर आणि दक्षिण कोरिया दोघांचं मिळून एक करा, असा खल चालला. मेलेल्यांनी आधी फाळणी मिटवायची, ही अट मला तरी निलाजरी वाटते.

२०१६ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनी उद्यानातल्या भाषणात कोरियन मृतांचा उल्लेख केला, स्मारकापाशी मात्र गेले नाहीत. २१ मे २०२३ रोजी जपानचे पंतप्रधान किशिदा आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष यून तिथे एकत्र गेले, वाकले. चांगलंच झालं. फोटोही छान आले.

खरा हिशेब मात्र दगडाचा नव्हताच. वाचलेले हजारो कोरियन मायदेशी परतले. हापचन परिसरात तर इतके, की त्याला ‘कोरियाचं हिरोशिमा’ म्हणतात. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने १९७४ साली ४०२ क्रमांकाचं परिपत्रक काढलं: बाधित माणसाने जपान सोडला की त्याला मिळणारा सरकारी भत्ता बंद. किरणोत्सर्ग अंगात तोच, आजार तेच, फक्त समुद्र ओलांडला एवढाच गुन्हा. कोर्टात हरल्यावर २००३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. तोवर किती जण वाट बघत गेले असतील! आणि उत्तर कोरियात परतलेल्यांपर्यंत ही मदत पोचतच नाही; जपानचे त्या देशाशी राजनैतिक संबंधच नाहीत.