गुणगौरव बारावीवरच का थांबतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांत गुणगौरव समारंभ सुरू होतात. ढाल, शाल, फोटो, भाषणे. चांगलीच गोष्ट आहे. पण पुढे पदवीला गेलेल्या एखाद्या मुलीने प्रयोग करून काही नवे शोधले, तर तिला कोण बोलावते?

सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिले होते, की देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या 25 विद्यार्थ्यांत एक मुस्लिम असतो आणि पदव्युत्तर वर्गांत 50 मध्ये एक. म्हणजे संशोधनाच्या उंबरठ्यावरच आपले प्रमाण निम्मे होते.

संशोधन म्हणजे परदेशातली गोष्ट, हा समज निदान कोल्हापुरात तरी टिकू नये. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने शिवाजी विद्यापीठाच्या सहकार्याने 1999 मध्ये इथे एक रडार बसवले. ते विमाने शोधत नाही. 1.98 मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सरळ वर सोडून सुमारे 80 ते 98 किलोमीटर उंचीवरून परतणारे क्षीण प्रतिध्वनी ते टिपते. हे प्रतिध्वनी वेगवेगळ्या अँटेनांवर किंचित मागेपुढे पोहोचतात. त्या फरकावरून तिथल्या वाऱ्याची दिशा आणि वेग काढतात. इतक्या उंचीवर हवामानाचा फुगा पोहोचत नाही आणि उपग्रह तग धरत नाही. या नोंदींवरचे शोधनिबंध जगभर वाचले गेले.

अशा कामाचा दरवाजा पदवीच्या विद्यार्थ्यांनाही उघडा आहे. राज्यातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेत पदवीपासूनचे विद्यार्थी उतरू शकतात, आणि अभियांत्रिकी व तंत्रज्ञान हा तिचा स्वतंत्र विभाग आहे. आंतरराष्ट्रीय रडार परिषदांतही विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांची वेगळी स्पर्धा होते. तिथे बारावीचे टक्के विचारत नाहीत. प्रश्न कोणता घेतला, मोजमाप कसे केले, चूक किती येते, हे विचारतात.

मग अडते कुठे? साहित्याचा खर्च, प्रवासखर्च आणि घरातून ‘आता कमवायला लाग’ हा तगादा. तो तगादा खोटा नाही, घर चालवावेच लागते. म्हणूनच ही जबाबदारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकता येणार नाही.

याच शहरात 1906 मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने मुस्लिम बोर्डिंगची सुरुवात झाली. मुलांनी शिकावे असे नुसते सांगून भागत नाही, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय करावी लागते, हे त्यांनी ओळखले होते. आजची सोय म्हणजे प्रयोगाचे साहित्य, स्पर्धेचा प्रवास आणि वाट दाखवणारा एखादा प्राध्यापक. समारंभातल्या चार ढाली कमी करून प्रत्येक मोहल्ल्याने दरवर्षी एका प्रकल्पाचा खर्च उचलावा.

आणि मित्रांनो, मदतीची वाट पाहत बसू नका. या सत्रात एक प्रश्न निवडा आणि आपल्या विभागातल्या सरांना किंवा मॅडमना जाऊन भेटा.