विश्लेषण : लिओनार्डविरुद्ध हॅगलर खरेच हरला होता का?

६२ विजय, ३ पराभव, २ बरोबरी. १९८० ते १९८७ या काळातील मिडलवेट गटाचा जगज्जेता मार्विन हॅगलर याची ही कारकीर्द. त्याने १२ वेळा जगज्जेतेपद राखले. तरीही त्याचे नाव निघाले की चर्चा जाते ती ६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये शुगर रे लिओनार्डविरुद्ध झालेल्या पराभवाकडे. हॅगलरवर अन्याय झाला, असे त्याचे चाहते आजही मानतात. त्यात तथ्य किती?

निकाल नेमका काय होता?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला साधारणपणे ९ गुण मिळतात. ऑलिम्पिकमध्येही आता हीच पद्धत आहे. टोक्योत मेरी कोम ३-२ अशा विभागलेल्या कौलाने हरली, तेव्हा भारतीय चाहत्यांनी तिचा फटका अनुभवला आहे.

हॅगलर-लिओनार्ड लढत १२ फेऱ्यांची होती. पंच लू फिलिपो यांनी हॅगलरला ११५-११३ असे विजयी ठरवले, तर डेव्ह मोरेट्टी यांनी त्याच गुणांनी लिओनार्डला. म्हणजे एकाच्या मते ७-५ फेऱ्या हॅगलरच्या, दुसऱ्याच्या मते लिओनार्डच्या. तिसरे पंच जो-जो गुएरा यांनी मात्र लिओनार्डला ११८-११० असा कौल दिला. हॅगलरने बारापैकी फक्त दोन फेऱ्या जिंकल्या, असा त्याचा अर्थ.

मग अन्याय झाला का?

गुएरा यांचे गुणपत्रक समर्थनीय नाही. पण त्यांनी ११५-११३ असे गुण दिले असते तरी लिओनार्डच जिंकला असता. त्यामुळे एका पंचाची अतिशयोक्ती म्हणजे संपूर्ण निकालच चुकीचा, हा युक्तिवाद टिकत नाही. शिवाय गुएरा हे मूळच्या यादीत नव्हते. ब्रिटिश पंच हॅरी गिब्स यांच्या नावाला हॅगलरच्याच गोटातून आक्षेप घेतला गेला, म्हणून ते आले. आपण हॅगलरलाच विजयी ठरवले असते, असे गिब्स यांनी नंतर सांगितल्याचे प्रसिद्ध झाले.

मोठी चूक रिंगमध्ये झाली. डावखुऱ्या पवित्र्यासाठी ओळखला जाणारा हॅगलर सुरुवातीला उजव्या हाताच्या बॉक्सरसारखा उभा राहिला. त्या फेऱ्या लिओनार्डने सहज खिशात घातल्या. पाचव्या फेरीपासून हॅगलरने दडपण वाढवले, नवव्या फेरीत तर लिओनार्ड पुरता अडचणीत होता. पण फेरी संपताना ठोशांची सरबत्ती करून पंचांच्या नजरेत भरण्याची लिओनार्डची युक्ती कामी आली. ७-५ असा कौल दोघांपैकी कोणाच्याही बाजूने देता येईल, अशी ही लढत होती. तिला दरोडा म्हणता येणार नाही.

अटींचा फटका बसला?

निश्चित बसला. जगज्जेतेपदाच्या लढती तोवर १५ फेऱ्यांच्या असत. कोरियाच्या किम दुक-कू याचा १९८२मध्ये लढतीनंतर मृत्यू झाल्यावर त्या १२ फेऱ्यांवर येऊ लागल्या. लिओनार्डने १२ फेऱ्यांचा आणि मोठ्या रिंगचा आग्रह धरला. पाच वर्षांत एकच लढत खेळलेल्या आणि डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बॉक्सरसाठी दोन्ही गोष्टी सोयीच्या होत्या.

हॅगलरसाठी शेवटच्या तीन फेऱ्यांचे मोल किती, हे १९८३मध्ये रोबेर्तो दुरानविरुद्ध दिसले होते. तेराव्या फेरीअखेर दोन पंचांच्या गुणपत्रकावर दुरान एका गुणाने पुढे होता. शेवटच्या दोन फेऱ्यांत मुसंडी मारून हॅगलर जिंकला. लिओनार्डविरुद्ध ही संधी नव्हती. पण अटी त्याने स्वतः मान्य केल्या होत्या.

आधीच्या पराभवांचे काय?

उरलेले दोन्ही पराभव १९७६मध्ये फिलाडेल्फियात, स्थानिक बॉक्सरविरुद्ध झाले. बॉबी वॉट्सविरुद्धचा निकाल तेव्हाही वादग्रस्त ठरला. विली मन्रोविरुद्ध मात्र हॅगलर स्पष्टपणे हरला. पुढे त्याने मन्रोला दोनदा आणि वॉट्सला एकदा वेळेआधीच संपवले. १९७९मध्ये व्हितो अँतुओफेर्मोविरुद्धची लढत बरोबरीत सुटून त्याचे जगज्जेतेपद हुकले. तो वादही १९८१मध्ये मिटला. अँतुओफेर्मोला चौथ्या फेरीनंतर लढत सोडावी लागली.

लिओनार्डबरोबर पुन्हा लढत झालीच नाही. हॅगलर त्यानंतर रिंगमध्ये उतरला नाही, इटलीत गेला आणि चित्रपटांत काम करू लागला. वाद जिवंत राहण्याचे हे खरे कारण. अर्थात दुसऱ्या लढतीने प्रश्न सुटतोच असे नाही. २०१७मध्ये गेनाडी गोलोव्किन आणि कानेलो अल्वारेझ यांची लढत बरोबरीत सुटली, तेव्हाही एका पंचाने अल्वारेझला ११८-११० असे गुण दिले होते आणि मोरेट्टी त्याही लढतीत पंच होते. वर्षभराने अल्वारेझ निसटता जिंकला आणि वाद आणखी वाढला.

मोन्झोन, हॉपकिन्स की हॅगलर?

‘हे दोघे भिडले असते तर?’ हा चाहत्यांचा आवडता खेळ. पण नियम ठरवल्याशिवाय त्याला अर्थ नाही. गोलोव्किन सतत पुढे येणारा. पुढे येऊन भिडणाऱ्या टॉमी हर्न्सला हॅगलरने १९८५मध्ये तिसऱ्या फेरीत गारद केले होते. त्यामुळे फेऱ्या कितीही असोत, इथे हॅगलरचे पारडे जड. बर्नार्ड हॉपकिन्सने २० वेळा जगज्जेतेपद राखले. वेग मंदावून प्रतिस्पर्ध्याला खेळवणे हे त्याचे बलस्थान. लिओनार्डने दाखवलेला मार्ग त्याला १२ फेऱ्यांत जमला असता, १५ फेऱ्यांत कठीण होते. सर्वांत अवघड पेपर अर्जेंटिनाच्या कार्लोस मोन्झोनचा. उंच, लांब हातांचा मोन्झोन १४ वेळा जगज्जेतेपद राखून १९७७मध्ये निवृत्त झाला. त्याच्यासमोर सुरुवातीच्या फेऱ्या बहाल करणे हॅगलरला परवडले नसते.

हॅगलर हा मिडलवेट गटातील सर्वोत्तम चौघा-पाचांत बसतो आणि लिओनार्डविरुद्धचा निकाल त्याला तेथून हलवत नाही. तो पराभव ‘रद्द’ करण्याचा आग्रह त्याच्या चाहत्यांनी सोडला, तर त्याचे उरलेले ६२ विजय अधिक नीट पाहता येतील.