मिठाचा हिशेब

न्हावा-शेवाच्या डॉकवर पाळी भरून कळंबोलीत परततो तेव्हा अंगावर घामाचं मीठ वाळलेलं असतं. याच मिठावर इंग्रजाचा कर होता. १९२९ चा लाहोरचा पूर्ण स्वराज्याचा ठराव कागदावरच होता. झोपडीत तो मिठानं पोचवला. १९३० साली मिठाचा कायदा मोडला, पाठोपाठ लाकूडफाटा-चाऱ्यासाठी जंगलाचा. २५ सप्टेंबरला इथंच, उरणजवळ चिरनेरला गोळ्या सुटल्या. नाग्या कातकरी पडला. कातकऱ्याला स्वराज्य कुणी समजावून द्यायला नको होतं.

पण दांडीयात्रेच्या दहाच दिवस आधी, २ मार्चला, आपली माणसं नाशकात काळारामाच्या बंद दारापुढं उभी होती. पुढे १९४१ ला सिन्नरला बाबासाहेबांनी महार वतनावरच्या कराविरुद्ध करबंदी पुकारली. मी मॅट्रिकपर्यंत शिकलो. मिठाचा धडा होता, सिन्नरचा नव्हता. का नव्हता?